कोपराच्या वर धरा

"लढ्ढा, मागचा ब्रेक दाबून धरा," डॉक्टर कोलते म्हणाले आणि वाकून त्यांनी लढ्ढाच्या सायकलचं मागचं चाक हाताने ढकललं. चाक अर्धा वेढा फिरलं.

"हा ब्रेक आहे?"

"अहो डॉक्टर, कालच पाहिला होता. बरोबर होता."

"ढोले, घट्ट करून द्या. पाच मिनिटं उशीर झाला तरी चालेल."

मी पाना काढला आणि रस्त्यावरच बसलो. फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे सहा. अमरावतीच्या पंचवटी चौकात आम्ही नऊ जण हेल्मेट आणि पिवळी जाकिटं घालून उभे होतो. तोंडातून वाफ निघत होती. लढ्ढा कापड दुकानदार, अंगाने भरलेला, सारखा बोलणारा. त्या दिवशी तोही तेवढंच बोलून गप्प झाला. डॉक्टरांपुढे अलीकडे सगळेच गप्प असायचे.

पूर्वी आमचा क्लब असा नव्हता. मी तंत्रनिकेतनात वर्कशॉप शिकवायचो, सायकली दुरुस्त करता यायच्या, म्हणून मला त्यात घेतलं होतं. डॉक्टर कोलते हाडांचे डॉक्टर. क्लब त्यांनीच काढला होता. नियम तेव्हाही होते, पण तीस किलोमीटर मारून आलं की गिला वड्याच्या गाडीवर तासभर हसणं-खिदळणं चालायचं. डॉक्टरांच्या पत्नी शुभदाताई डब्यातून काही ना काही आणायच्या. कोणाचा वाढदिवस असला की भर रस्त्यात गाणं म्हणायच्या आणि डॉक्टर लाजून दुसरीकडे बघायचे.

ऑगस्टमध्ये शुभदाताई गेल्या. परतवाडा रोडवर, अशाच एका रविवारी. पांढऱ्या पिकअपने मागून उडवलं आणि गाडी थांबली नाही. तेव्हाही मी शेवटचा होतो, त्यांच्या मागे. पोलिसांना जबाब मीच दिला होता.

दोन महिने डॉक्टर आले नाहीत. आले तेव्हा पंधरा किलोंनी उतरले होते. मग जाकिटं आली, शिट्ट्या आल्या, आरसे आले, दोघांनी शेजारी शेजारी चालवणं बंद झालं. आणि आणखी एक गोष्ट सुरू झाली. ढाब्यावर कुठे पांढरी पिकअप उभी दिसली की डॉक्टर सायकल माझ्या हाती द्यायचे, गाडीपुढे उकिडवे बसायचे आणि बंपरवरून बोटं फिरवायचे. आम्ही रस्त्याकडे बघत उभे राहायचो. पाच मिनिटांनी ते उठायचे, "चला," म्हणायचे.

त्या रविवारी त्याच परतवाडा रोडने पूर्णेच्या पुलापर्यंत जायचं होतं. डॉक्टर पुढे, मी शेवटी. माझ्या पुढे प्राध्यापक रेखा सरोदे, त्यांच्या पुढे लढ्ढा. रेखाताई कॉलेजात भूगोल शिकवायच्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या आणि कोणाचीच भीड न ठेवणाऱ्या.

वलगाव मागे पडलं तेव्हा ऊन नुकतं कापसाच्या पऱ्हाट्यांवर आलं होतं. मागून गाडीचा आवाज आला. मी ओरडलो, "गाडी!" तो शब्द रांगेतून पुढे पुढे गेला. गाडी पांढरी पिकअप होती, संत्र्यांच्या क्रेटांनी वरपर्यंत भरलेली. तिने आम्हाला ओलांडायला घेतलं आणि समोरून एसटी आली. पिकअपला जागा राहिली नाही. ती डावीकडे दबली. तिचा आरसा लढ्ढाच्या खांद्याला लागला आणि लढ्ढा सायकलसकट मुरमात गेला.

मी उतरेपर्यंत तो उठून बसला होता. कोपर सोललं होतं, जाकीट फाटलं होतं. त्याच्या तोंडात शिव्या होत्या, म्हणजे ठीक होता.

"मला काही नाही झालं! त्याला पकडा, त्या हरामखोराला!"

आमच्याकडे पहिला नियम असा होता की कोणी पडलं तर आधी डॉक्टर त्याच्याजवळ येणार, बाकीच्यांनी हात लावायचा नाही. मी मान वर करून पाहिलं. डॉक्टर मागे वळलेच नव्हते. सीटवरून उठून, सगळं वजन पायडलवर टाकून ते पिकअपच्या दिशेने निघाले होते. बाकीचे त्यांच्यामागे. मीही निघालो.

पिकअप दोनेकशे मीटरवर थांबली होती. ड्रायव्हरने ती स्वतःहून थांबवली होती, हे मला इथे स्पष्ट सांगायचं आहे. ड्रायव्हर खाली उतरून आमच्याकडेच चालत येत होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल, किडकिडीत, गळ्यात मफलर. हातात पाण्याची बाटली.

"कोणाले लागलं का हो?" त्याने लांबूनच विचारलं.

डॉक्टरांनी सायकल रस्त्यावर टाकून दिली. चालता चालता हेल्मेट काढलं, पट्ट्याला धरलं आणि हात पूर्ण मागे नेऊन त्याच्या तोंडावर मारलं.

तो आवाज मला अजून येतो. ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा. पोरगा बसलाच खाली. नाकातून रक्त आलं. ते त्याने तळहातावर घेऊन पाहिलं. तेवढ्यात दुसरा फटका कानावर बसला. मग बाकीचे पोहोचले. कोणी लाथ घातली, कोणी मफलर धरून ओढला. एकाने क्रेट खेचून खाली आदळला. संत्री रस्त्यावर घरंगळली आणि त्यांच्यावरच पाय घसरून आमच्यातला एक बँक मॅनेजर पडला. उठून त्याने त्याचाही राग त्या पोरावर काढला. हे सगळे लोक मुलांच्या शाळेच्या सभांना जाणारे, ट्रॅफिक सप्ताहात चौकात उभं राहून पत्रकं वाटणारे. लढ्ढाही धावत आला आणि रक्ताळलेल्या कोपरासकट त्याच्या पाठीवर बसला.

"मी थांबलो होतो ना! मी थांबलो!" पोरगा म्हणत होता.

"आज थांबलास?" डॉक्टर म्हणाले. "तिला बघायला उतरला होतास का? तिला?"

"कोणाले? साहेब, कोणाले?"

डॉक्टरांनी हात वर केला. सगळे थांबले. मारताना त्यांचा श्वास लागला होता, पण आवाज एकदम सपाट झाला. ऑपरेशनच्या आधी नर्सशी बोलावं तसा.

"उभं करा याला. गाडीजवळ आणा."

लढ्ढाने आणि बँक मॅनेजरने त्याला ओढत ड्रायव्हरच्या दाराशी नेलं. दार उघडंच होतं. डॉक्टरांनी त्याचा उजवा हात धरला, शर्टाची बाही वर केली आणि हात दाराच्या चौकटीवर आडवा ठेवला. त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की आता काय होणार आहे. मी हे नंतर कोर्टातही सांगितलं. मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हटलं नाही.

"ढोले, इकडे या. हा हात धरा."

मी गेलो. धरला. पोराच्या हातावर केस नव्हते. हात गरम होता.

"तिथे नाही," डॉक्टर म्हणाले. "कोपराच्या वर धरा. खाली धराल तर तुमचा हात सापडेल."

मी हात वर सरकवला.

"कोलते!" रेखाताई मागून ओरडल्या. त्यांनी धावत येऊन डॉक्टरांच्या दंडाला लटकून धरलं. "वेड लागलंय का तुम्हाला? ढोले, सोडा त्याला! सोडा!" डॉक्टरांनी वळून न बघता कोपर मागे मारलं. ते रेखाताईंच्या हनुवटीवर बसलं. त्या डांबरावर पडल्या, चष्मा उडाला.

मी सोडलं नाही.

डॉक्टरांनी दार दोन्ही हातांनी बंद केलं. एकदा. मग उघडून दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी माझ्या मुठीत त्याचा दंड उसळला. दुसऱ्या वेळी त्यात काहीच जोर नव्हता. त्यांनी पुन्हा दार उघडलं तेव्हा पोराचे पाय गेले होते आणि तो माझ्या अंगावर लोंबत होता. हात मनगटाच्या वर जिथे वाकू नये तिथे वाकला होता.

मग रस्त्यावर फक्त पिकअपचं इंजिन ऐकू येत होतं. कोणीच ते बंद केलं नव्हतं.

डॉक्टर त्या हाताकडे बघत उभे राहिले. पाच-सहा सेकंद असतील. आणि मग त्यांच्यातला दुसरा माणूस जागा झाला.

"खाली झोपवा. हळू. ढोले, माझ्या सायकलचा पंप आणि तुमच्याकडची ट्यूब द्या." ते गुडघ्यावर बसले. दोन बोटं मनगटाखाली ठेवून नाडी पाहिली. "नाव काय तुझं?"

पोराने डोळे उघडले. "विलास. विलास मेटकर."

"विलास, बोटं हलव. अंगठा? चांगलं. इकडे लागतंय का मी स्पर्श केलेला? चांगलं." पंप हाताखाली घालून त्यांनी ट्यूबने इतका नीट बांधला की मी वर्कशॉपमध्ये कधी तसा जोड केला नसेल. "दोन्ही हाडं गेलीयत. तासाभरात टेबलावर घ्यायला हवं. लढ्ढा, गाडी चालवता येते ना? चला."

ते विलासला मधे बसवून, त्याचा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले. गाडी वळली तेव्हा चाकाखाली संत्री फुटली.

रेखाताई कोणाशीही न बोलता सायकलवर बसल्या. हनुवटीतून रक्त गळत होतं. त्या एकट्याच अमरावतीकडे निघाल्या आणि कोणी त्यांना थांबवलं नाही.

डॉक्टरांनी स्वतःच्याच दवाखान्यात तीन तास ऑपरेशन केलं. हाडांना धातूच्या दोन पट्ट्या बसवल्या. बाहेर बाकड्यावर आम्ही चौघं होतो. लढ्ढा सगळ्यांना समजावत होता, "दारात हात सापडला. बस. खोटं कुठे आहे यात? दारातच सापडला ना?" विलास शुद्धीवर आल्यावर त्याने आत जाऊन त्यालाही समजावलं. मी दाराशी उभा होतो. "हे बघ, अपघात तू केलास. मी रिपोर्ट दिला तर तुझं लायसन्स गेलं, गाडी जमा, आत जाशील. डॉक्टर तुझा हात नीट करतायत. दारात सापडला म्हण. तुझ्याच भल्याचं सांगतोय." विलासने मान हलवली. तो माझ्याकडे बघत होता.

संध्याकाळी त्याचे वडील आले. मारोतराव नाव. दर्यापूरकडचे, डोक्याला पांढरा शेला गुंडाळलेला, धोतर गुडघ्यापर्यंत मातीने भरलेलं. विचारत विचारत डॉक्टरांच्या खोलीपर्यंत आले आणि डॉक्टर बाहेर येताच वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

"साहेब, कोणी अनोळखी माणूस कोणासाठी एवढं करत नाही. रस्त्यावरून उचलून आणलं तुम्ही माह्या पोराले."

डॉक्टरांनी पाय मागे घेतला.  आत गेले आणि दार लावून घेतलं.

तिसऱ्या दिवशी रेखाताई माझ्या घरी आल्या. हनुवटीला चार टाके होते. चहा नको म्हणाल्या, खुर्चीच्या टोकावर बसल्या.

"मी पोलिसांत गेले होते. ठाणेदार म्हणाला, पेशंट स्वतः सांगतोय दारात सापडला म्हणून. डॉक्टर सांगतोय, कापडवाला सांगतोय. तुम्ही एकट्या काय सांगता?" त्या थांबल्या. "तुम्ही साक्ष द्याल?"

मी जमिनीकडे बघत होतो.

"कोलतेंचं मला कळतं, ढोले. माणूस सहा महिने झोपलेला नाही. लढ्ढाचंही कळतं, तो ज्याच्या मागे गर्दी असेल त्याच्या बाजूला असतो. तुमचं कळत नाही. तुम्ही मुंगीवर पाय पडला तर थांबणारे. मी ओरडले तरी का धरून ठेवलंत?"

 त्या उठल्या.

"ठीक आहे. विचार करा. पण लवकर करा. पोरगा घाबरून गावी गेला की संपलं."

त्याच दुपारी मी दवाखान्यात गेलो. विलास एकटाच होता. हात प्लॅस्टरमध्ये, उशीवर उंच ठेवलेला. डोळ्याखाली काळंनिळं पडलं होतं. मी स्टुलावर बसलो.

"तुम्हीच धरलं होतं ना?" तो म्हणाला.

"हो."

"ते डॉक्टर म्हणत होते, तिला बघायला उतरला होतास का. कोण ती?"

"त्यांची बायको. ऑगस्टमध्ये गेल्या. त्याच रस्त्यावर. पांढऱ्या पिकअपने."

"ऑगस्टात मी नाशिकले होतो. कांद्याच्या गाडीवर. ही गाडी त दिवाळीनंतर आली माह्याकडे." त्याने मान माझ्याकडे वळवली. "म्हणजे त्याईले वाटलं का तो मीच?"

"त्यांना प्रत्येक पांढऱ्या पिकअपमध्ये तोच दिसतो."

"अन् तुमाले?"

तेव्हा मी त्याला सांगितलं. बायकोला न सांगितलेलं, पोलिसांना न सांगितलेलं. का त्यालाच, ते मला आजही नेमकं सांगता येणार नाही. कदाचित त्याचा हात बघवत नव्हता म्हणून.

ऑगस्टच्या त्या सकाळी शुभदाताई माझ्यापुढे दहा-बारा फुटांवर होत्या. त्यांच्या सायकलचा मागचा लाइट सुटून वायरीला लोंबत होता, चाकाच्या तारांना लागेल असा. मागून गाडी येत होती, तिचा आवाज मला आला होता. मी 'गाडी' म्हणायला हवं होतं. पण माझं लक्ष त्या लाइटवर. मी हाक मारली, "शुभदाताई!" त्यांनी उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं. माणूस ज्या बाजूने मागे बघतो त्या बाजूला हँडल थोडं जातंच. हे मी नव्या लोकांना दर महिन्याला शिकवायचो. वीतभर गेलं असेल. तेवढ्यात पिकअप आली. ती नीट चालली होती, वेगातही नव्हती. ड्रायव्हरने ब्रेक मारला, पुढे जाऊन क्षणभर थांबला, आरशात पाहिलं आणि पळाला.

"नंबर?" विलासने विचारलं.

"दिसला होता. पूर्ण दिसला होता. पोलिसांना मी नाही म्हणून सांगितलं."

"काहून?"

"तो सापडला असता तर बोलला असता. बाई मधे आली म्हणाला असता. मग कोणीतरी विचारलं असतं, का मधे आली?"

विलासला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"म्हणजे तो सापडला नाही म्हणून मी सापडलो."

मी मान हलवली.

"अन् तुम्ही मले धरून ठेवलं, का मीच तो ठरलो त तुमचं मिटलं."

त्याने डाव्या हाताने स्टँडवरचा स्टीलचा तांब्या उचलून माझ्या तोंडावर मारला. पडल्या पडल्या मारलेला, पण ओठ फाटला, दात हलला. मी हललो नाही. त्याने परत मारला. तिसऱ्यांदा तांब्या त्याच्या हातातून सुटून खाली गेला आणि आवाजाने नर्स धावत आली.

"इथं काय सांगता मले?" तो ओरडला. "त्याईले सांगा! जा ना, सांगा त्याईले!"

डॉक्टरांची खोली त्याच मजल्यावर होती. पेशंट संपले होते. ते भिंतीवरच्या दिव्यावर एक्स-रे लावून उभे होते. विलासचाच होता, पट्ट्या आणि स्क्रू पांढरे चमकत होते. माझ्या ओठाकडे पाहून त्यांनी सवयीने कापूस पुढे केला. मी तो घेतला नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मघा सांगितलं त्याच क्रमाने.  माझं संपल्यावर त्यांनी दिवा बंद केला.

"तिने मागे पाहिलं तेव्हा काही म्हणाली?"

"'काय हो?' म्हणाल्या. हसत होत्या."

ते खुर्चीत बसले. टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता उठतील. मी भिंतीला पाठ लावली. खरं सांगायचं तर त्यांनी मारावं असंच मला वाटत होतं.

"हाक मारणं हा गुन्हा नाही, ढोले," ते म्हणाले. "चूक आहे. माझ्याकडूनही झाली असती. तेव्हाच सांगितलं असतंत तर मी तुमच्या गळ्यात पडून रडलो असतो." त्यांनी मान वर केली. "सहा महिने तुम्ही मला शोधू दिलंत. माझ्या मागून सायकल चालवत होतात. मी गाड्यांपुढे बसायचो आणि तुम्ही माझी सायकल धरून उभे राहायचात."

"नंबर माझ्याकडे आहे, सर. आत्ता सांगतो. एम..."

"नको!" त्यांनी टेबलावर इतक्या जोरात मूठ आपटली की पेनस्टँड खाली गेला. "मला सांगू नका. मी काय करीन ते मला माहीत नाही. पोलिसांना सांगा."

मग त्यांनी पांढरा कोट काढला, घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"चला. दोघंही जाऊ."

खाली उतरताना ते विलासच्या खोलीपाशी थांबले. मला वाटलं आत जातील. नुसते उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "विलास, आता खरं सांग. तुला कोणी काही करणार नाही." विलासने तोंड भिंतीकडे वळवलं.

ठाण्यात ठाणेदाराने आमच्याकडे वेड्यासारखं पाहिलं. अमरावतीतला नामांकित डॉक्टर स्वतःहून येऊन मला अटक करा म्हणत होता. लढ्ढा त्यानंतर माझ्याशी आयुष्यात बोलला नाही. दुकानासमोरून गेलो तर गादीवरून उठून आत जायचा. क्लब त्याच आठवड्यात मोडला. मी दिलेल्या नंबरावरून ऑगस्टचा तो ड्रायव्हर सापडला, मुलताईकडचा होता, त्याची केस वेगळी चालली.

आमची साडेचार वर्षं चालली. रेखाताई प्रत्येक तारखेला यायच्या, अगदी निवृत्त झाल्यावरही. एकदा कोर्टाच्या कँटीनमध्ये त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या घरी विचारलं होतं त्याचं उत्तर मिळालं मला. मिळालं नसतं तर बरं झालं असतं." पण चहा माझ्यासाठीही सांगितला.

डॉक्टरांना तीन वर्षांची शिक्षा झाली. मला एक वर्ष. नोकरी आधीच गेली होती. निकाल ऐकताना डॉक्टरांनी मान खाली घातली नाही. त्यांनी अपीलही केलं नाही. विलासची मूठ कधीच पूर्ण मिटली नाही. स्टिअरिंग पकडता येत नव्हतं, म्हणून तो दर्यापूरला भावाच्या रसवंतीवर बसतो असं साक्षीत आलं होतं.

निकालाच्या दिवशी शिपाई आम्हाला न्यायला येईपर्यंत मी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसलो होतो. मारोतराव आले. चार वर्षांत पार वाकले होते. ते समोर येऊन उभे राहिले तेव्हा मी उठलो. थुंकतील, मारतील, काहीही करतील, मी तयार होतो.

"एक इचारू का?" ते म्हणाले. "पोरगा सांगत नाही. वकिलाले सांगितलं, साहेबाले सांगितलं, पण मले काही सांगत नाही. मी इचारलं का उठून जाते."

"विचारा."

"लई वरडला का तो?"

"हो."

"कोणाले हाक मारे?"

 साडेचार वर्षांत मला वकिलांनी शेकडो प्रश्न विचारले होते. हा कोणी विचारला नव्हता.

"सांगा न भाऊ. मी काही म्हणत नाही तुमाले."

"तुम्हाला," मी म्हणालो. "'बा, सोडव मले,' म्हणत होता. दार दुसऱ्यांदा लागेपर्यंत म्हणत होता."

म्हाताऱ्याने हळूहळू मान हलवली. मग भिंतीचा आधार घेत तो माझ्या शेजारी बाकड्यावर बसला आणि शिपाई मला न्यायला येईपर्यंत तिथेच बसून राहिला.